लाट न आलेली दुपार

त्या दिवसातलं मला सगळ्यात आधी आठवतं ते धुकट ऊन. भाद्रपद नुकताच लागला होता. पावसाने उघडीप दिली की आमच्या किनाऱ्यावर असं ऊन पडतं, दुधात हळद कालवल्यासारखं. समुद्र कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. पाण्यातला किल्ला पाण्यावर उभा नसून मधेच कुठेतरी टांगून ठेवल्यासारखा दिसतो. मी कचेरीच्या खिडकीतून त्याच्याकडे बघायचे आणि डोळे मिटून पुन्हा उघडायचे, तो आहे का बघायला. तो असायचा.

मी मूळची दर्यावरची नव्हे. कुडाळच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. भात, काजू, चार आंब्याची झाडं. समुद्र आमच्या घरापासून फार लांब नव्हता, पण बाबांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे शेतात साठतं ते. बंदर खात्यात नोकरी लागल्याचं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दर्यार नोकरी? थयसर काय पिकता?" मी हसले होते. पण मालवणला रुजू झाल्यावर पहिले कित्येक महिने मला तो समुद्र आमच्या शेतासारखाच वाटायचा. पोटरीला आलेलं भात वाऱ्याने एका बाजूला कलतं आणि पुन्हा उभं राहतं, तसं ते पाणी करायचं. दुपारी जेवून खुर्चीत बसले की झापड यायची आणि झापडीत मी बांधावरून चालत असायचे.

माझं काम सांगायला साधं होतं. धक्क्यावरून किल्ल्यावर प्रवासी नेणाऱ्या होड्या तपासायच्या, कुणाच्या होडीत जास्त माणसं भरलेली नाहीत ना, अंगात जाकिटं आहेत ना ते बघायचं, आणि हवा बरी नसेल तर होड्या थांबवायच्या. पावसाळ्याचे महिने वाहतूक बंदच असते. ती पुन्हा सुरू झाली की मग रोज सकाळी ठरवायचं असतं, आज सोडायच्या की नाही. हवामानाचा इशारा येतो, पण तो अख्ख्या किनाऱ्याचा असतो. आपल्या धक्क्यासमोरच्या पाण्याचं काय, ते धक्क्यावरच्या माणसाने ठरवायचं. तो माणूस म्हणजे मी. खांबावर लाल बावटा चढला की होड्या जागच्या जागी. इतका साधा अधिकार. पण तो आपल्या हातात आहे ही गोष्ट मला कधीकधी झोपेतही जड वाटायची.

त्या सकाळी इशारा आला होता. वारा नाही, पाऊस नाही. लांब कुठेतरी भर समुद्रात वादळ होऊन गेलेलं, आणि त्याच्या उंच, संथ लाटा किनाऱ्याकडे निघालेल्या. अशा लाटा वरून दिसत नाहीत. खोल पाण्यात नुसता श्वास घेतल्यासारखं पाणी वरखाली होतं. पण किल्ल्याच्या वाटेवर पाण्याखाली खडपं आहेत, काळे, धारदार खडक, आणि होडीची वाट त्यांच्यामधून जाते. ती लाट खडपांवर आली की एकदम उभी राहते.

मी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पाणी अगदी गप्प होतं. बराच वेळ काही नाही. मग खडपांच्या जागी पाण्याची एक लांब पाठ वर आली, एखादं जनावर कूस बदलतं तशी, आणि काहीच आवाज न करता खाली गेली. खडपांवरून पांढरं पाणी ओघळलं. त्यानंतर पुन्हा सगळं सपाट.

माझ्या शेजारी धक्क्यावरचा सगळ्यात जुना होडीवाला येऊन उभा होता. सत्तरीच्या घरातला, कमरेला टॉवेल, कायम कसलीतरी काडी चघळत असायचा.

"बघितलंत?" मी विचारलं.

"बघलंय."

"मग काय वाटतं?"

त्याने काडी या गालातून त्या गालात नेली. "माका काय इचारतास, मॅडम? येयत तरी, नायतर नाय येवची. दर्यो माका सांगून खंय करता काय? ह्यो धंद्याचो दिवस. माका इचारशात तर मी सोडा म्हणतलंय."

त्याचं खरं होतं. गणपतीच्या सुट्टीला आलेली माणसं धक्क्यावर गोळा व्हायला लागली होती आणि पावसाळाभर आडव्या पडलेल्या होड्या नुकत्याच पाण्यात उतरल्या होत्या. मी पुन्हा खडपांकडे बघत राहिले. काही आलं नाही. पण जी एक आली होती तिची पाठ माझ्या डोळ्यांतून जाईना. मी शिपायाला बावटा चढवायला सांगितलं.

होडीवाले कुरकुरले. एकजण मोठ्याने म्हणाला, "आज दर्यो निजलो आसा आणि मॅडमका सपान पडलंहा." सगळे हसले. मलाही थोडं हसू आलं, कारण मला खरंच तसंच वाटत होतं.

दहाच्या सुमाराला माझ्या वरिष्ठांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड. ते कधी चढ्या आवाजात बोलत नसत.

"मॅडम, आपल्याकडे काही पाहुणे येतायत. वरून आलेत. घरचीच माणसं घेऊन आलेत, किल्ला बघायचाय त्यांना. एक होडी द्या चांगली."

"साहेब, आज बंद ठेवलंय. इशारा आहे."

"माहीत आहे. पण इशारा अख्ख्या किनाऱ्याला असतो. मला आत्ता धक्क्यावरून कुणीतरी फोटो पाठवलाय. पाणी कसं आहे, तर आरसा."

"सकाळी एक लाट आली होती साहेब."

"एक?"

"एकच."

ते थोडे हसले. मग म्हणाले, "बरं, वडिलांची तब्येत कशी आहे?"

बाबांना वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. आई आधीच गेलेली. गावी चुलतभावाच्या घरच्यांवर त्यांचं सगळं टाकून मी मालवणला एका खोलीत राहत होते, आणि घराजवळ, ओरोसला बदली मिळावी म्हणून अर्ज केला होता. ओरोसहून आमचं गाव एस.टी.ने जाऊन-येऊन करण्याइतकं होतं. तो अर्ज याच साहेबांच्या टेबलावर होता.

"तसेच आहेत," मी म्हटलं.

"ओरोसला एक जागा रिकामी होतेय. तुमचंच नाव डोक्यात आहे माझ्या. बघा, एक फेरी. तासाभराचा तर प्रश्न."

त्यांनी धमकी दिली नाही. आजही मला वाटतं, कदाचित त्यांच्या मनात तसं काही नसेलही. एकातून एक विषय निघाला असेल. पण फोन कानाला लावून मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला समुद्र दिसत नव्हता. मला आमची पडवी दिसत होती, आणि बाबा एका हाताने पेजेची वाटी तोंडाशी नेताना. अर्धी पेज सदऱ्यावर. मला फार इच्छा झाली, हो म्हणायची. अंगात पाणी भरावं तशी ती इच्छा हळूहळू वर चढत गेली. पाणी तर खरंच आरसा होतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. माझाच आवाज मला कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला. "आज नको. उद्या मी स्वतः घेऊन जाईन त्यांना."

"उद्या ते नाहीयेत," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पाहुणे आले. मी मनात कुणीतरी उर्मट माणसं तयार करून ठेवली होती, पण तशी नव्हती ती. एक उंच, शांत गृहस्थ, त्यांची बायको, सून, मुलगा. त्यांच्याबरोबरचा एक स्थानिक माणूस मात्र फार तावातावाने बोलत होता, "तुमका माहीत आसा हे कोण ते?" वगैरे. गृहस्थांनीच त्याला थांबवलं. बायको म्हणाली, "असू दे हो. इथून दिसतोय की किल्ला. इथूनच बघू." आणि ती सगळी धक्क्यासमोरच्या खानावळीच्या ओट्यावर सावलीला बसली, किल्ल्याकडे तोंड करून. मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुपार चढत गेली तशी लाट काही आली नाही. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघायचे. पाण्यावर एक सुरकुती नाही. बगळे खडपांच्या उघड्या टोकांवर एका पायावर उभे. होडीवाले होड्यांत आडवे झालेले, तोंडावर टॉवेल. सगळं गाव कुणीतरी अंगाई म्हटल्यासारखं पेंगत होतं आणि खांबावर वारा नसल्यामुळे लाल बावटाही मान टाकून झोपलेला. मी एकटी जागी होते, आणि जिची वाट बघत होते ती येत नव्हती.

जेवणवेळ टळून गेल्यावर ती बाई आली.

चाळिशीची असेल. एस.टी.तून उतरून तशीच आलेली, केस विस्कटलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून चिबडाचा वास येत होता, पिकून फुटायला आलेल्या त्या पावसाळी खरबुजाचा. तो वास खोलीत शिरला आणि माझं गावच आत आलं.

"मॅडम, मला पलीकडे जायचं आहे," ती शुद्ध मराठीत म्हणाली. कचेरीत बोलायची म्हणून पाठ करून आणल्यासारखं. "माझं माहेर किल्ल्यावर आहे. आई आजारी आहे."

किल्ल्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी थोडी घरं आहेत. ही त्यांतली. लग्न करून घाटाच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली. मी विचारलं, काय झालंय? डॉक्टरांना दाखवलं का? तिला धक्क्यावर आणायचं असेल तर आत्ता व्यवस्था करते. आजारी माणसाला आणायला होडी सोडता येते, बावटा असला तरी. तसा नियमच आहे.

तिने मान हलवली. "डॉक्टर येऊन गेले मागच्या आठवड्यात. वय झालंय म्हणाले, घरीच ठेवा. ती यायची नाहीच. तिने जेवण सोडलंय. काल रात्री भावाला म्हणाली..." आणि इथे तिची पाठ केलेली मराठी सुटली. "माझ्या चेडवाक बोलव म्हणान सांगल्यान. सकाळपासून ती बोलूक नाय. मॅडम, माका तिका बघूक होया. जीव आसा तवसर."

शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. तो हळूच पुढे आला. चांगला माणूस, माझ्यापेक्षा जुना. म्हणाला, "मॅडम, रुग्णाला आणायला म्हणून लिहा ना. होडी जाऊन येईल. आणायला गेलो, ती आली नाही, संपलं. कुणाला काय कळणार?"

सगळं त्यात बसत होतं. आणि त्याच वेळी खिडकीतून मला तो खानावळीचा ओटा दिसत होता, आणि त्याच्यावर शांतपणे बसलेले ते पाहुणे. त्यांना मी पाण्याची भीती सांगितली होती. त्यांच्यासाठी जे पाणी धोक्याचं, ते हिच्यासाठी कमी धोक्याचं होत नव्हतं. हिला सोडलं तर सकाळचा माझा नकार खोटा पडत होता. आणि तो नकार, मला तोवर लक्षात आलं नव्हतं, माझा फार लाडका झाला होता. दिवसभर मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. ओरोसची जागा सोडून मिळवलेला. त्याला आता ओरखडा उठणार होता.

बाई खुर्चीच्या कडेला बसलेली. तिने काही विनवणी केली नाही. फक्त पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "चिबूड मऊ पडलंहा. तिका आवडता."

"वायच थांब," मी म्हटलं. "मी बघतंय."

कचेरीत मी कधी मालवणीत बोलत नसे. शिपायाने चमकून माझ्याकडे बघितलं.

मी परवानगीचा कागद लिहिला. आजारी माणसाला आणायला, असं लिहिलं नाही. लिहिलं, की किल्ल्यावरील वृद्ध आई अखेरच्या अवस्थेत असून मुलीला तिची भेट घेता यावी म्हणून एक लहान होडी माझ्या जबाबदारीवर सोडत आहे, व मी सोबत जात आहे. सही केली. शिपाई वाचून म्हणाला, "हे असं लिहू नका मॅडम. भेटीला नियमात जागा नाही."

"नाही ना," मी म्हटलं. "पण जातोय ते भेटीलाच."

मी सोबत का गेले, हे मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मला ते साधं वाटलं होतं. ज्या पाण्यात जाऊ नका म्हणून मी दिवसभर लोकांना सांगत होते, त्यात दुसऱ्याला घालून मी काठावर कशी बसणार?

जुन्या होडीवाल्याला उठवलं. त्याने तोंडावरचा टॉवेल बाजूला केला, बाईकडे बघितलं, ओळखलं. किल्ल्यावरचे आणि धक्क्यावरचे सगळे एकमेकांना ओळखतात. "आवस?" आई का, एवढंच त्याने विचारलं. तिने मान हलवली. "येवा," तो म्हणाला.

आम्ही जाकिटं घालून होडीत बसलो. धक्क्यावरचे झोपलेले सगळे एकेक करून उठून बसत होते. खानावळीच्या ओट्यावरून पाहुण्यांबरोबरचा तो स्थानिक माणूस तरातरा पुढे आला आणि त्याने मोबाइल वर धरला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

ती फेरी अजून माझ्या झोपेत येते. यंत्राचा आवाज मंद ठेवला होता. होडी पुढे जात होती, पण जात आहे असं वाटत नव्हतं. किल्लाच हळूहळू आमच्याकडे येत होता, धुकट उन्हातून, एकेक दगड स्पष्ट करत. पाणी इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसावी. बाई पुढे बघत होती, पिशवी पोटाशी धरून. चिबडाचा वास खाऱ्या हवेत मिसळून गेला होता. मग खडपं आली. दोन्ही बाजूंना पाण्याखाली काळ्या सावल्या. होडीवाल्याने यंत्र आणखी हळू केलं.

आणि त्या क्षणी मला कळलं, की मी लाटेची वाट बघतेय. भीतीने नव्हे. ती यावी, असं मला वाटत होतं. लहानशी का होईना, पण यावी. होडी उचलली जावी, पाठीमागच्या सगळ्यांना ती दिसावी. ओट्यावरच्या पाहुण्यांना, त्या मोबाइलवाल्याला, सकाळी हसलेल्या होडीवाल्यांना. म्हणजे मी सकाळी नाही म्हटलं ते उगाच नव्हतं हे सिद्ध होईल. समोर एक बाई आपल्या आईपर्यंत पोचायला धडपडत होती आणि तिच्याच होडीत बसून मी मनातल्या मनात लाट मागत होते. मी होडीची कड घट्ट धरली.

लाट आली नाही. खडपं मागे पडली. एक बगळा उडाला आणि पुढे जाऊन पुन्हा बसला.

किल्ल्याच्या आत, माडांच्या सावलीत त्यांचं घर. पडवीत खाटेवर म्हातारी पडली होती, चादरीखाली इतकीशी, की आधी नुसती चादरच वाटली. भाऊ पायाशी बसलेला. भावजय दारात. मुलगी उंबऱ्याशी थांबली, जणू आत जायलाही कुणाची परवानगी लागते. मग खाटेजवळ खाली बसली आणि आईच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आये, मी इलंय."

काही झालं नाही. माडाच्या झावळ्यांची सावली चादरीवरून जात-येत राहिली. मी आणि होडीवाला अंगणात उभे होतो. मला वाटलं, उशीर झाला.

मग म्हातारीने डोळे उघडले. मुलीकडे खूप वेळ बघितलं, आणि नाकपुड्या हलल्या. "चिबूड?" ती म्हणाली.

मुलीला रडू आणि हसू एकदमच आलं. भावजयीने वाटी आणली, गूळ आणला. मुलीने बोटांनी चिबूड मोडून, गुळात कुस्करून इवलासा घास तिच्या ओठांना लावला. म्हातारीने तो तोंडात घोळवला आणि गिळला. मग आणखी एक. मग तिची नजर माझ्याकडे आली. अंगावर नारिंगी जाकीट, मी तिथे कशी दिसत असेन कोण जाणे.

"ह्या कोण गो?"

"बंदरातल्या मॅडम. त्येनीच माका हाडल्यानी."

"मगे त्येंका चाय दी," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

मी त्या अंगणात चहा प्यायला बसले. वर माडांतून निळंसं आभाळ, आणि तटाच्या बाहेर समुद्र असूनही त्याचा आवाज नाही. मला वाटलं, मी इथे नाहीये, आमच्याच पडवीत बसले आहे, आणि आत्ता बाबा आतून हाक मारतील. किती वेळ तशी बसले ते सांगता यायचं नाही. होडीवाल्याने खांद्याला हात लावला तेव्हा ऊन तांबूस झालं होतं.

मुलगी आईपाशीच राहिली. परत येतानाही पाणी तसंच. पाहुण्यांची गाडी धक्क्याजवळ उभी होती, बाकीची माणसं आत बसली होती. त्या गृहस्थांची बायको मात्र एकटी धक्क्यावर थांबली होती. शिपायाकडून तिला सगळं कळलं असावं. मी होडीतून उतरले तेव्हा तिने विचारलं, "झाली का भेट?"

"झाली."

तिने एक लांब श्वास सोडला, मान हलवली आणि गाडीकडे गेली. तक्रार तिने केली नसणार, याची मला खात्री आहे.

पण तक्रार झाली. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला. लाल बावट्याखालून होडी निघालेली, होडीत मी. खाली मजकूर, सामान्य जनतेला आणि पाहुण्यांना बंदी, आणि मॅडमच्या ओळखीच्यांना वाट मोकळी. होडीवाल्यांतही दोन तट पडले. काहीजण रोज सकाळी येता-जाता हात वर करायला लागले, काहीजण माझी सावली पडली तरी मान वळवत. त्यांचाही दिवस बुडाला होता आणि त्यांच्या दृष्टीने तो उगाच बुडाला होता. मी त्यांना काय सांगणार? समुद्राने माझी साक्ष दिली नव्हती.

आणि म्हातारी मेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पेज मागितली. गणपतीच्या दिवशी ती भिंतीला टेकून आरतीला बसली. पुढे कितीतरी वर्षं ती जगली. मला फार आनंद झाला, पण चौकशीच्या वेळी तिचं बरं होणंही माझ्याविरुद्धच गेलं. कारण अखेरची अवस्था असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं.

चौकशीला ओरोसला बोलावलं होतं. ज्या कचेऱ्यांच्या रांगेत मला नोकरी करायची होती तिथल्याच एका खोलीत. चौकशी करणारे अधिकारी निवृत्तीला आलेले, सौम्य, थकलेले. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला.

"त्या दिवशी समुद्र खवळला होता का?"

"नाही."

"मग होड्या का थांबवल्यात?"

"खवळेल असं वाटलं होतं. सकाळी लाट बघितली होती."

"मग ही होडी का सोडलीत?"

मी विचार केला. रात्रभर मी एक लांबलचक उत्तर तयार केलं होतं. ते आठवेना. "किल्ला उद्या बघता आला असता," मी म्हटलं. "आईचं तसं नव्हतं. म्हणजे, तेव्हा तसं वाटलं होतं."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत कुणीतरी सारवलेल्या अंगणात वाळवण घालत होतं. "बाई," ते शेवटी म्हणाले, मॅडम नव्हे, बाई, "तुम्ही रुग्णाला आणायला एवढंच लिहिलं असतं तर हा कागद माझ्यापर्यंत आलाच नसता."

"हो," मी म्हटलं. "पण ते तसं नव्हतं."

"तेही खरंच," ते म्हणाले. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि चहा मागवला. आम्ही दोघं तो प्यायलो.

मला लेखी ताकीद मिळाली. आणि थोड्याच महिन्यांत बदली. ओरोसला नव्हे, विजयदुर्गला. नकाशावर बघितलं तर आमच्या गावापासून मालवणपेक्षाही लांब.

ते बाबांना सांगायला मी गावी गेले. ते पडवीत होते. बोलणं अडखळत यायचं, पण समजायचं सगळं. मी पहिल्यापासून सांगितलं, साहेबांचा फोन, ओरोसची जागा, चिबूड, सगळं. खडपांमधे मी काय मागत होते तेही सांगितलं. ते मी आणखी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मगे?" ते म्हणाले. "लाट इली?"

"नाय इली."

ते अर्ध्या तोंडाने हसले. हसता हसता खोकला आला. मी पाठ चोळत राहिले. खूप वेळाने म्हणाले, "उद्या येयत. दुसऱ्या कोणाक तरी." मी त्याचा अर्थ विचारला नाही. मला धीर द्यायला म्हणाले, की नुसतं समुद्राबद्दल बोलले, कोण जाणे. मला तेव्हा वाटलं होतं ते इतकंच, की त्या सकाळी लाट बघून मी जे ठरवलं ते ठरवायला मी पुन्हा तयार आहे, आणि दुपारचंही. दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, तरीही. दोन्हींच्या वेळी मी कुणाशी खोटं बोलले नव्हते. त्याहून जास्त हिशेब मला लागत नाही.

"विजयदुर्गाक भाड्याचा घर मिळात काय?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"मी येतंय तुझ्यावांगडा," ते म्हणाले. "हयसर तरी काय करतंय."

घर सोडून ते कधी कुठे येतील असं माझ्या स्वप्नात नव्हतं. म्हणूनच मी ओरोस मागत होते. त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं.

विजयदुर्गला खाडीकडे तोंड करून दोन खोल्या मिळाल्या. बाबांना मी उचलून, चुलतभावाच्या मदतीने गाडीत घालून आणलं. पहिले आठ दिवस ते समुद्राकडे पाठ करून बसायचे. म्हणायचे, नजर थांबत नाही, भोवळ येते. मग हळूहळू खुर्ची वळायला लागली. संध्याकाळी मी कचेरीतून येईपर्यंत ते खाडीतून कोणकोणते ट्रॉलर आत आले, कुठल्यावर माणसं कमी होती ते बघून ठेवायचे आणि अडखळत मला सांगायचे.

घरामागे नुसती वाळू होती. एका सकाळी ते शेजारणीच्या आधाराने तिथे जाऊन खाली बसलेले दिसले, चांगल्या हाताने वाळू उकरत. बाजूला तिच्याकडूनच मागून घेतलेलं शेण आणि मूठभर चवळीचं बी.

"बाबा, वाळूत काय येणार?"

"गप ऱ्हव," ते म्हणाले. "पाणी घाल."

मी कळशी आणली. वाळूने पाणी क्षणात पिऊन टाकलं. त्यांनी मला खुणेनेच सांगितलं, आणखी.